स्कूटरच्या पोटातून आलेलं दूध

बुडाचा बोल्ट शेवटचा आटा सोडून माझ्या हातात आला आणि त्याच्यामागोमाग स्कूटरच्या पोटातून दूध आलं.

खोटं नाही सांगत. काळंकुट्ट तेल येणार म्हणून मी पिचकी परात खाली सरकवली होती, पदर खोचला होता, अंगावर उडू नये म्हणून तोंडही जरा वळवून बसले होते. आणि परातीत पडलं ते पांढुरकं, दाट, दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं. माझ्या बोटांवरून ते मनगटाकडं ओघळत आलं तरी हात मागं घ्यावा हे मला सुचलं नाही.

माझ्या समोर शेजारची भाभी उकिडवी बसली होती. मोबाईल धरायचं काम तिच्याकडं. आम्ही दोघी एका वयाच्या, लग्न होऊन या आळीत आलो त्याही एकाच सुमाराला. तिनं परातीत पाहिलं, मग गाडीकडं, मग माझ्याकडं.

"या अल्ला! ताई, गाभण हाय का काय गं तुझी गाडी?"

एरवी मी हसले असते. तेव्हा हसू आलं नाही. गाडीचं काही बिघडलं तर माझं काय होणार, हे मला चांगलं माहीत होतं.

ते आधी सांगते. आम्ही खुटबावला राहतो. घरात स्कूटरी दोन. राखाडी माझी, लाल सुनेची. सून तिच्यावरून रोज दौंडला नोकरीला जाते, मुलगा कारखान्यात आहे, त्याला न्यायला कंपनीची बस येते. माझी गाडी मला लागते ती शिरूरसाठी. शिरूर माझं माहेर, आणि तिथं माझी थोरली बहीण असते. आक्का. आक्काला ऐकू येत नाही, म्हणून फोन तिच्या कामाचा नाही. डोळ्यांनाही आता माणूस सावलीसारखं दिसतं. तिच्याशी बोलायचं तर जवळ बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा आणि कानाशी ओरडायचं. दर आठवड्याला मी जाते. एसटीनं जायचं म्हणजे आधी चौफुल्याला, तिथं दुसऱ्या गाडीची वाट, उभ्यानं प्रवास. आक्काच्या वाट्याला मी जेमतेम चहापुरती उरते. स्कूटरवर बसले की कुणाची वाट पाहायची नाही. पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला, न्हावरे मागं टाकलं, की मी आक्काच्या दारात.

मुलाला हे पसंत नाही. मागच्या पावसाळ्यात गावाच्या वेशीजवळ चिखलात माझी गाडी घसरली. मला काही झालं नाही, एक बांगडी तेवढी वाढली. पण त्या दिवशी त्यानं जेवायच्या ताटावरच हुकूम काढला.

"आई, आता एक ठरलं. ह्या गाडीनं इथून पुढं एकदा जरी दगा दिला, न्हाईतर गॅरेजात न्यायची येळ आली, तर किल्ली माझ्याकडं. गाडी इकून टाकायची. आक्काकडं मी नेत जाईन की सवडीनं."

त्याची सवड मला ठाऊक आहे. त्याच्या सवडीनं उतरवायचा म्हणून दिवाळीचा आकाशकंदील आमच्या दारात होळीपर्यंत लटकतो.

आणि अशात, संक्रांतीच्या जरा आधी, शिरूरहून येताना न्हावऱ्याच्या अलीकडं माझ्या गाडीच्या मागच्या चाकातून रडणं ऐकू आलं. आईवेगळं केलेलं कुत्र्याचं पिल्लू रडतं तसं, बारीक, लांबट. वेग वाढवला की रडणं चढायचं, कमी केला की नुसतं कण्हणं. घराजवळ आल्यावर मी गाडी बंद केली आणि ढकलत दारात नेली. मुलानं विचारलं तर म्हणाले, "पायाला व्यायाम."

गावातला गॅरेजवाला मुलाचा जिवलग. त्याच्याकडं गाडी नेली असती तर मी घरी पोचायच्या आत बातमी कारखान्यात पोचली असती. म्हणून मी भाभीला मोबाईल उघडायला लावला. त्यात एक पोरगा हिंदीतून "दोस्तों, दोस्तों" करत स्कूटर उलगडून दाखवत होता. तो म्हणाला, मागच्या चाकाशी गिअर असतात, त्यांचं तेल वेगळं असतं, लोक इंजिनचं तेल बदलतात आणि हे विसरूनच जातात. मग आवाज येतो.

मी भाभीकडं पाहिलं. "गिअर? हिला गिअर हायेत?"

"हायेत म्हणतोय."

"अगं, बिनगिअरची म्हणून तर घेतली मी!"

इतकी वर्षं जिच्या पाठीवर बसून मी भीमा ओलांडली, तिच्या पोटात काय आहे याचा मला पत्ता नव्हता. मला खरोखर फसवल्यासारखं वाटलं. आपल्याला हातानं बदलावे लागत नाहीत म्हणजे ते नाहीतच, अशी माझी समजूत.

पण ही समजूत आजची नव्हे. तिची मालकीण जुनी आहे. तिची ओळख करून देते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

ती म्हणजे तरुणपणीची मी. लग्न होऊन शिरूरहून खुटबावला आलेली, मॅट्रिक झालेली, दोन वेण्यांची. आपण घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, बाजारपेठेतल्या, एसटी स्टँड पाहिलेल्या, आणि हे सगळे खेड्यातले, असा तिचा रुबाब. तिच्या वडिलांकडं शिवणयंत्र होतं, म्हणून सगळी यंत्रं आपल्याला कळतात असं ती सासरी सांगत सुटली होती. आमच्या ह्यांनी तेव्हा नवीन स्कूटर घेतली होती, हातानं गिअर टाकायची. तिचं कुलूप जरा जड लागायचं. एका थंडीत ह्या शहाण्या बाईनं कुणाला न विचारता त्यात तेल सोडलं. कोणतं? घरातलं खोबरेल. तेल ते तेल! दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आमचे हे शिरूरला लग्नाला निघाले, फेटा बांधून, कडक इस्त्रीत. किल्ली आत जाईना. रात्रीच्या थंडीनं खोबरेल थिजून कुलपाची मेणबत्ती झाली होती. फेटेवाला माणूस रॉकेलच्या चिमणीवर किल्ली तापवतोय, कुलपात घालतोय, पुन्हा तापवतोय, आणि ही बया दाराआड उभी राहून म्हणतेय, "कंपनीनंच कुलूप खराब दिलंय."

आक्कानं ही गोष्ट माहेरच्या सगळ्या आळीला ऐकवली. अजूनही मी गाडीवरून उतरून तिच्याजवळ बसले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज खोबरेल कुठं घातलंस?"

तर तसली ही बाई. मला वाटायचं, वयाबरोबर ती गेली. गेली नव्हती. आत कुठंतरी वेण्या घालून बसली होती.

राहू गावाला एका नातलगाकडं हळदीकुंकवाला गेले तेव्हा तिथल्या दुकानातून मी गिअर ऑइल आणलं. गावात घेतलं असतं तर बोभाटा झाला असता. दुकानदारानं विचारलं, "आजी, कुणाच्या गाडीत घालायचंय?" मी म्हणाले, "गाडीतच घालायचंय ना, मग झालं तर." येताना रडणारं पिल्लू सोबत होतंच. बाटली मी तांदळाच्या डब्यामागं लपवली आणि रविवारची वाट पाहिली. रविवारी मुलाची पहिली पाळी होती, सून घरात धुणं काढत होती, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या मागच्या अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर चढवून बसलो.

मोबाईलमधल्या पोरानं सांगितलं तसं सगळं केलं. गाडी थोडी चालू ठेवून तेल कोमट केलं. आधी वरचा बोल्ट सैल करून पाहिला, कारण खालचं उघडून सगळं सांडून बसलो आणि वरचं उघडलंच नाही तर नवीन तेल घालणार कुठून? हे मला पटलं. पाना लावला, भाभीनं माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला, दोघींनी एकमेकींना शिव्या दिल्या, आणि बोल्ट सुटला.

आणि दूध आलं.

"सूनबाईनं पावसात ठिवली असंल भाईर," भाभी हळूच म्हणाली.

मलाही तेच म्हणायचं होतं. दोष ठेवायला सून जवळ असली की बरं वाटतं. पण ती मागच्या दारात दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि तिचे कान तिखट आहेत.

"आधी हे हाय काय ते तरी बघू," मी म्हणाले.

वास घेतला. वास तेलाचाच, घाण, कुजक्या अंड्यासारखा. बोटात चोळलं तर बुळबुळीत, पण मध्येच पातळ. माझ्या मनात काहीतरी आलं. मी चुलीपाशी गेले. मागच्या अंगणात पाणी तापवायची आमची चूल असते, ती पेटलेली होती. एक जुनी लोखंडी पळी घेतली, त्यात परातीतलं चमचाभर घातलं आणि लांबूनच निखाऱ्यावर धरलं.

तडतड तडतड! फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसं. एक थेंब भाभीच्या ओढणीवर उडाला.

आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आयुष्यभर तेलाशी संसार केलेल्या बायकांना दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

"पाणी," भाभी म्हणाली. "तेलात पाणी हाय गं!"

"पर जाईल कुठून? सगळीकडनं तर बंद हाय."

हे मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर कॅनॉल उभा राहिला. मी पळीसकट खाली बसले.

भाद्रपदातला पोळा, आमच्या भागात तो तेव्हाच असतो. आमच्या दारातले बैल जाऊन बरीच वर्षं झाली. पण पोळ्याला रिकामं बसवत नाही. पूर्वी त्या दिवशी सकाळी बैल कॅनॉलवर नेऊन, मागचे पाय बुडेपर्यंत पाण्यात उभे करून, चोळून चोळून धुवायचे. आता ज्याच्याकडं जे असेल ते नेतात. कुणी ट्रॅक्टर, कुणी टेम्पो. यंदा मी म्हणाले, वर्षभर जी मला वाहून नेते तिला आंघोळ नको? त्या सकाळी मी शिरूरहूनच येत होते, आक्काला पुरणपोळी देऊन. तशीच तापलेली गाडी थेट कॅनॉलवर नेली. म्हशी उतरतात त्या उतारावरून सरळ पाण्यात. मुलगा तिथं आधीच गुडघाभर पाण्यात उभा होता, सुनेची लाल गाडी घेऊन. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, खिल्लारी जोडी उभी करावी तशा. मीच सुचवलं की सायलेन्सरमध्ये चिंध्या कोंबू, आत पाणी जायला नको. किती हुशार! आणि मुलगा म्हणत होता, "आई, अजून आत घे. मागचं चाक पुरतं बुडू दे, त्याबिगर चिखल निघत न्हाई." मी घेतली आत. नारळाच्या काथ्यानं चाकं घासली, शिंगांऐवजी आरशांना फुगे बांधले, कपाळाला कुंकू लावलं. घरी आणून ओवाळलंसुद्धा.

त्या दिवसापासून मी पाण्यावर चाललेल्या गिअरांवर बसून आक्काकडं जात होते.

"ताई, घे की, पाणी पी," भाभी म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "पाण्याचं नाव काढू नको."

इतक्यात फाटकाची कडी वाजली. मुलगा. पाळी संपवून आला होता, आणि आम्हाला वेळेचं भानच उरलं नव्हतं. मागच्या दारात येऊन तो उभा राहिला. समोर स्टँडवर गाडी, खाली परात, माझ्या हातात पळी, आणि तेलकट हातांच्या दोन म्हाताऱ्या.

"हे काय मांडलंय, आई?"

"संक्रांतीचं वाण," मी म्हणाले. जीभ माझं ऐकत नाही.

तो परातीजवळ वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. कारखान्यात यंत्रांपाशीच त्याचा दिवस जातो, त्याला लगेच कळलं.

"हे गिअर ऑइल हाय? आई, ह्यात पाणी गेलंय!"

"कळलंय. पळीत तडतडलं."

"एवढं पाणी पावसानं जात न्हाई. कुणीतरी गाडी पाण्यात उभी केली असणार. गिअरला वर एक बारीक भोक असतंय, नाकासारखं, आतली हवा भाईर जायला. आमच्या मशीनलाबी असतंय. तापलेली गाडी गार पाण्यात घातली की तेच नाक पाणी आत ओढतंय." बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "कुणी घातली गाडी पाण्यात? आन् आवाज येत व्हता तर मला का न्हाई सांगितलं? चाक जाम झालं असतं मंजी? पुलावर? ठरलं व्हतं ना आपलं? किल्ली आण."

त्यानं हात पुढं केला. किल्ली माझ्या कमरेला होती. भाभी आभाळातल्या कावळ्यांकडं बघू लागली. मला आक्काचा हात आठवला, चादरीवर उताणा पडलेला, माझी वाट बघत असतो तो. पण जीभ माझं ऐकत नाही म्हणाले ना.

"पोळ्याला घातली," मी म्हणाले.

"काय पोळ्याला?"

"पाण्यात. कॅनॉलच्या."

"अगं पर तिथं काय कळत न्हाई का, एवढं चाक बुडेस्तोवर..." आणि तो थांबला. पुढं केलेला हात तसाच राहिला. तोंड उघडंच.

दोरीपाशी काहीतरी झटकल्याचा आवाज झाला. सून ओला टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडं आली. तिनं खिशातून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या पुढं केलेल्या हातात ठेवली.

"आता माझी खोला."

त्यानं लाल गाडी स्टँडवर चढवली, परात सरकवली, पाना लावला. मी मनात म्हणत होते, काळं येऊ दे. खरंच म्हणत होते. माझी किल्ली गेली तर गेली, पण तिच्या गाडीतून काळंच येऊ दे.

पांढरं आलं. माझ्या गाडीतल्यापेक्षाही पांढरं. तिची गाडी रोज चालते ना, रोज घुसळत होती.

सून परातीकडं बघत राहिली. हळू आवाजात म्हणाली, "मी रोज हायवेनं जाते. ट्रकच्या बाजूनं."

मुलगा तिथंच मातीत बसला, कारखान्याच्या स्वच्छ पँटीसकट. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी ताप चढला की व्हायचे तसे. चुलीतलं लाकूड तेवढं फुटत होतं. मग भाभीच म्हणाली, "उठ रं बाबा. हायेत जित्या दोघीबी. तेल घाल आता."

"व्हय," सून म्हणाली, तिचा आवाज आता ताळ्यावर आला होता, "न्हाईतर दोन्ही किल्ल्या ठिवा तुमच्याकडं. उद्यापास्नं मला दौंडला सोडा, आईंना शिरूरला, सवडीनं."

माझं सासूपण त्या क्षणी विरघळलं. या पोरीला मी पावसाचा दोष द्यायला निघाले होते.

राहूहून आणलेलं तेल दोन गाड्यांना पुरेना, तो जाऊन आणखी घेऊन आला. वासरांना औषध पाजायची जाड सिरिंज घरात होती, तिनंच आत सोडलं. तेल घालायचं, गाडी जरा चालवायची, पुन्हा काढायचं. पहिल्यांदा दूध, मग पातळ ताक, मग धुरकट, आणि शेवटी तेलासारखं तेल. प्रत्येक वेळी पहिला थेंब आम्ही पळीत धरला. तडतड थांबली तेव्हा अंधार पडायला आला होता. सुनेची गाडी गप झाली. माझी पुरती गप झाली नाही. पिल्लू अजून रडत होतं, पण लांबच्या आळीत.

"बेअरिंग खराब झालंय," मुलगा म्हणाला. "गॅरेजला न्यावी लागंल."

गॅरेज म्हटल्यावर मी कमरेची किल्ली काढून गुपचूप त्याच्यापुढं धरली. ठरलं ते ठरलं. तो माझ्याकडं बघेना. किल्ली घेतली, दुसऱ्या दिवशी स्वतःच गाडी घेऊन गेला, आणि मित्रापुढं पोळ्याची सगळी हकिगत त्यानं आपल्याच तोंडानं सांगितली म्हणे. संध्याकाळी गाडी परत आली. किल्ली रोजच्या खुंटीला होती. आकाशकंदीलही त्यानं त्याच दिवशी उतरवला.

पुढच्या खेपेला पारगावच्या पुलावर मी वेग कमी करून कान दिला. भीमेचा वारा आणि इंजिन, बाकी काही नाही. इतक्यांदा इथून गेले होते, गाणी म्हणत!

आक्का बाजेवर बसली होती. सावली दारात आल्यावर तिनं हात पुढं केला. मी शेजारी बसून माझा हात तिच्या हातात दिला आणि ठरलेल्या प्रश्नाची वाट पाहिली. पण तिनं तो हात उचलून नाकाशी नेला. साबण, राख, लिंबू, सगळं लावून झालं होतं, तरी गिअर ऑइलचा वास नखांतून गेला नव्हता. तिनं एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. कपाळावर आठ्या पडल्या.

"हे खोबरेल न्हाई," ती म्हणाली, आणि मोठ्या बहिणीच्या आवाजात विचारलं, "आता काय करून ठिवलंस?"

मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि सगळी आळी ऐकेल एवढ्या मोठ्यानं पोळ्यापासून सुरुवात केली.